सदतिसावी गांधीलमाशी

"मग जाळू की नको, तेवढं सांगा."

यज्ञेश्वर उंबऱ्याबाहेर उभा होता. हातात लांब बांबू, बांबूच्या टोकाला चिंध्या, चिंध्यांना रॉकेलचा वास. खोलीच्या आत निंबराजबुवा काठीवर भार देऊन मान वर करून बघत होते.

वर आढ्याच्या कोपऱ्यात गांधीलमाश्या होत्या. पोळं नाही, काही नाही. नुसत्या एकमेकींना चिकटून, मुठीएवढा गोळा करून बसलेल्या. मार्गशीर्षाची थंडी होती. त्यातली एकही हलत नव्हती.

"असू दे," बुवा म्हणाले.

"असू दे?"

"आपल्याआधी आल्यात."

यज्ञेश्वरानं बांबू खाली टेकवला. आजच्या दिवशी त्याला बुवांशी वाद घालायचा नव्हता. आजचा दिवस येण्यासाठी त्यानं अकरा वर्षं वाट पाहिली होती.

माणदेशातल्या त्या उजाड टेकडीवरच्या मठाची रीत अशी होती, की मूळपुरुषाच्या पुण्यतिथीला, मार्गशीर्ष वद्य पंचमीला, ही आतली खोली उघडायची. एरवी वर्षभर तिला कुलूप. गुरूनं आपल्या आयुष्यात एकदाच, एकाच शिष्याला, याच खोलीत धुनी पेटवून मंत्र द्यायचा. तोंडातून कानात. मंत्र कागदावर नाही, दगडावर नाही, दुसऱ्या कुणाच्या डोक्यातही नाही. आणि हे सगळं दिवस मावळायच्या आत. टळलं तर पुढच्या वर्षी.

बुवांचं वय चौऱ्याऐंशी. दम्यानं रात्र रात्र बसून काढायचे. पुढच्या वर्षाचा भरवसा कुणी द्यावा?

"बुवा, धुनीची ऊब लागली की या जाग्या होतील," यज्ञेश्वर शक्य तितक्या नरमाईनं म्हणाला. "खाली आपण दोघं. एक चावली तर ठीक. तीस-चाळीस चावल्या तर? गेल्या साली खालच्या वस्तीवरचा धनगर असाच गेला. चांगला गडी होता."

"तुला काळजी कुणाची? माझी?"

"तुमचीच."

"आणि मी न सांगताच गेलो, तर जे माझ्याबरोबर जाईल… त्याची?"

"दोन्ही एकच आहे, बुवा."

"उत्तर छान आहे," बुवा म्हणाले, आणि काठी टेकत बाहेर पडले.

यज्ञेश्वराची उत्तरं छानच असत. सगळ्या पंचक्रोशीत त्याच्या प्रवचनांचा बोलबाला होता. विंचू आणि विठोबा यांत भेद करतो त्याला अजून काही कळलंच नाही, असं तो एकदा म्हणाला होता आणि बायामाणसांनी डोळ्यांना पदर लावला होता. त्याची आई वारली तेव्हा मठाचा उत्सव चालू होता. हा गेला नाही. उत्सव संपेपर्यंत तोंडातून शब्द काढला नाही. लोक म्हणाले, वैराग्य असावं तर असं. त्यानंही ते हळूहळू खरं मानलं. माणसाला स्वतःबद्दलचं चांगलं खरं मानायला फार वेळ लागत नाही.

चुलीशी तानूबाई भाकऱ्या थापत होती. मठात कितीही बुवा-महाराज आले गेले तरी चूल तिचीच. यज्ञेश्वर बांबू घेऊन समोरून गेला तशी तिनं मान वर केली.

"काय म्हनलं बुवा?"

"असू दे म्हणाले."

"मंग आसू द्या की. थंडीची घरात शिरत्यात त्या. ऊन तापलं की आपल्या वाटनं जात्यात. कुनाच्या खोड्या काढीत न्हाईत."

"तुला काय कळतंय, तानूबाई? बुवांच्या जिवाचा प्रश्न आहे."

तानूबाईनं भाकरी तव्यावर टाकली. "व्हय," ती म्हणाली, "बुवांचाच."

त्या 'बुवांचाच'मध्ये काय होतं ते यज्ञेश्वराला टोचलं. पण स्वयंपाकिणीच्या तोंडी कुठं लागायचं, म्हणून त्यानं ते सोडून दिलं.

दुपारी लोक टेकडी चढायला लागले. पाटलांनी गावातून लाऊडस्पीकर आणवला होता. अंगणात पत्रावळींचे गठ्ठे येऊन पडले. जो तो येऊन यज्ञेश्वराच्या पाया पडायचा, आणि तो 'अजून नाही, अजून नाही' म्हणत पाय मागे घ्यायचा, पण फार मागे नाही.

बुवा जेवून जरा आडवे झाले. डोळा लागला.

यज्ञेश्वर खोलीशी आला. दार ढकललं. गोळा तिथंच होता.

त्यानं मनाशी हिशेब केला. बुवा म्हातारे झालेत, दयाळू आहेत, पुढचं त्यांना दिसत नाही. मला दिसतंय. शिष्यानं गुरूचा शब्द पाळायचा की गुरूचा जीव जपायचा? प्रश्न असा मांडला की उत्तर आधीच ठरलेलं असतं. त्यानं डोक्यावरून घोंगडी घेतली, फक्त डोळे उघडे ठेवले, चिंध्या पेटवल्या आणि जाळ वर धरला.

त्याची पाचावर धारण बसली होती. आता उठतील, आता अंगावर येतील…

एकही आली नाही.

त्या उडाल्याच नाहीत. त्यांच्यात उडायची ताकदच नव्हती. टप… टप… करत जमिनीवर पडत राहिल्या. एवढासा आवाज, पण बंद खोलीत तो नीट ऐकू येत होता. यज्ञेश्वर घोंगडीच्या आत घामानं निथळत होता आणि त्याला मारायला कुणीच आलं नव्हतं.

त्यानं त्या सुपलीत भरल्या आणि मठामागच्या उकिरड्यावर टाकून आला. जमीन पुन्हा सारवली. हात तीनदा धुतले. आढ्याला काळा डाग राहिला होता, त्याला काही करता येईना.

उन्हं कलली तेव्हा बुवा आले. यज्ञेश्वर धूतवस्त्र नेसून तयार होता. बाहेर अंगण भरलं होतं. लाऊडस्पीकरवरून पाटील सांगत होते, "भाविकांनी शांतता राखावी." शांतता तेवढी तेच मोडत होते.

दार लोटलं गेलं. आत दोघंच.

बुवांनी आसनावर बसता बसता वर पाहिलं. बघत राहिले.

"कुठं गेल्या?"

"ऊन लागलं असेल," यज्ञेश्वर म्हणाला. "उडाल्या असतील."

त्या खोलीला उगवतीकडे एक झरोका होता, तोही वितीएवढा. तिथून दुपारी ऊन येणं शक्य नव्हतं, हे त्याला बोलून झाल्यावर आठवलं.

"बरं," बुवा म्हणाले.

त्यांनी धुनी पेटवली. गोवऱ्या आधी धुमसल्या, मग लाल झाल्या. ऊब पसरली. वर काहीच हललं नाही. हलायला काही उरलंच नव्हतं. यज्ञेश्वराला वाटलं होतं की आता निर्धास्त वाटेल. तसं ते वाटेना.

"कान दे."

तो पुढे सरकला. वाकला. उजवा कान बुवांच्या तोंडाशी नेला. बुवांचा श्वास कानाला लागत होता, दम्याचा, बारीक शिटी वाजवणारा. यज्ञेश्वरानं डोळे मिटले. अकरा वर्षं…

श्वास येत राहिला. जात राहिला.

आणि त्या श्वासाच्या मधल्या जागेत त्याला ऐकू यायला लागलं. टप… टप…

"बुवा," तो पुटपुटला, "मला ऐकू नाही आलं."

"मी अजून बोललोच नाही."

यज्ञेश्वर तसाच वाकलेला राहिला. मान अवघडली. बुवांनी तोंड दूर नेलं, धुनीत एक गोवरी सारली आणि तोच प्रश्न पुन्हा, अगदी पहिल्याच सुरात विचारला.

"कुठं गेल्या?"

बाहेर कुणीतरी खोकलं. लाऊडस्पीकर एकदा खरखरला आणि बंद पडला. यज्ञेश्वराजवळ दोन-तीन उत्तरं तयार होती. सगळी चांगली होती. पण एकही ओठांवर येईना.

"जाळल्या," तो म्हणाला.

"किती?"

"…अं?"

"किती होत्या?"

"मोजल्या नाहीत."

"मग मोजून ये."

यज्ञेश्वरानं झरोक्याकडे पाहिलं. बाहेरचा उजेड पिवळा व्हायला लागला होता. "आत्ता? बुवा, दिवस मावळायला आलाय…"

"म्हणून तर म्हणतो. उजेड आहे तोवर जा."

त्याला राग आला. खरा, पोटातून राग आला. अकरा वर्षं आणि मूठभर माश्या! पण बुवा डोळे मिटून बसले होते आणि मिटलेल्या डोळ्यांशी भांडता येत नाही. तो उठला.

दार उघडून तो बाहेर आला तेव्हा सगळे उठून उभे राहिले. हार पुढे आले. "झालं?" पाटलांनी विचारलं.

"नाही," यज्ञेश्वर म्हणाला, आणि माणसांतून वाट काढत मठामागे गेला.

उकिरड्यावर राख होती, शेण होतं, सकाळच्या खरकट्यावर कावळे होते. त्यानं कावळे हाकलले आणि धूतवस्त्र वर खोचून उकिडवा बसला. सुपलीतला ढीग आता विस्कटला होता. काही माश्या राखेत, काही भाजीच्या देठांत. पंख जळालेले, पाय आखडलेले. त्यानं एक उचलली, ठेवायला जागा शोधली.

शेजारी एक पत्रावळ येऊन पडली. तानूबाई उभी होती.

"काय हुडकताय, शास्त्रीबुवा?"

"माश्या मोजतोय."

ती हसेल असं त्याला वाटलं. ती हसली नाही. "मांडा मग हिच्यावर," म्हणाली, आणि जरा लांब जाऊन उभी राहिली.

लोक एक एक करत मागे आले. आधी दबक्या आवाजात बोलत होते, मग गप्प झाले. आपल्या नव्या महाराजांना उकिरड्यात बसलेलं बघायला सगळा गाव जमला होता आणि कुणाच्याही तोंडावरची माशी हलत नव्हती.

एक, दोन, तीन… अकरापर्यंत तो भरभर गेला. मग एक नुसतंच धड निघालं. हे मोजायचं? त्यानं मोजलं. बारा. पुढच्या खेपेला आकडा विसरला. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. सूर्य समोरच्या डोंगराच्या वर दोन हात होता.

पंधरा. सोळा. आपण काय केलं ते दुपारी त्याला दिसलं नव्हतं. दुपारी तो एक गोळा होता. आता एक एक होती. एकीनं मरताना दुसरीचा पाय धरून ठेवला होता. त्याला त्या सोडवता येईनात. त्यानं दोघी तशाच ठेवल्या आणि दोन मोजल्या.

अठ्ठावीस. एकोणतीस. सूर्य हातभर राहिला.

"यज्ञेश्वरजी, आवरा," पाटील मागून कळवळून म्हणाले. "अदमासे सांगा एखादा आकडा. बुवांना काय समजतंय?"

त्याला तो सल्ला एकदम पटला. पटला म्हणूनच त्यानं मान वळवली नाही.

चौतीस. पस्तीस. छत्तीस.

आता एकच राहिली होती. ती सगळ्यांच्या तळाशी होती. तिला जाळ लागला नव्हता, पंख शाबूत होते. त्यानं तिला चिमटीत धरलं, पत्रावळीवर ठेवायला हात पुढे केला, आणि तिचा मागचा पाय हलला.

यज्ञेश्वर थांबला.

पुन्हा हलला. अगदी किंचित. वाऱ्यानं हलावा तसा, पण वारा पडला होता.

ही मेलेल्यांत धरायची की जिवंतांत?

सूर्याची खालची कड डोंगराला टेकली. इथून खोलीपर्यंत वीस पावलं. आत्ता उठलं तर पोहोचता येत होतं. 'सदतीस' म्हणायचं आणि कान द्यायचा. चिमटी जराशी आवळली की सदतीस ही खरीच संख्या होती. कुणाला कळणार होतं? तानूबाई लांब होती. लोकांना पाठ दिसत होती. घटकाभरात मरेलच ती, थंडी का तिला सोडणार आहे…

त्याच्या चिमटीला तो पाय लागत होता. केसाएवढा.

त्याला मंत्र हवा होता. फार हवा होता. तो जर आज मिळाला नाही, तर ही अकरा वर्षं आणि त्यांच्यासाठी जे जे सोडलं ते सगळं कशासाठी, या प्रश्नाला त्याच्याकडे छान उत्तर नव्हतं. छातीत इतकं दुखायला लागलं, की त्याला वाटलं आपण इथंच, या उकिरड्यावर ओरडणार.

त्यानं चिमटी सोडली. माशी डाव्या तळहातावर पडली, पाय वर करून.

त्यानं तिला उताणीची पालथी केली. उजव्या तळव्याचा आडोसा धरला. वाकला, तोंड जवळ नेलं आणि तिच्यावर श्वास सोडला. ओलसर, ऊन श्वास. पुन्हा सोडला.

"काय करतोय ह्यो?" कुणीतरी म्हणालं.

"गप ऱ्हावा," तानूबाई म्हणाली.

माशीची मिशी हलली. मग दुसरी. ती पायांवर उभी राहिली, लटपटली, पडली, पुन्हा उभी राहिली. यज्ञेश्वराचे ओठ हलत होते. तिच्याशी काहीतरी बोलत होता तो. काय बोलत होता, ते त्याला आठवून सांगता आलं नसतं. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता.

माशी अंगठ्याच्या मुळाशी चालत गेली. थांबली. पोट वाकवलं.

"फेका ती!" पाटील ओरडले. "फेका, चावंल!"

नांगी बसली. सगळा हात पेटल्यासारखा झाला. यज्ञेश्वर कण्हला, पण तळहात त्यानं हलू दिला नाही. दात आवळले आणि पुन्हा तोंड खाली नेलं. पुन्हा श्वास सोडला. पुन्हा ओठ हलले.

डोंगरावरचा शेवटचा उजेड गेला. लोकांतून 'अरेरे' उठलं. कुणीतरी हार काढून पत्रावळींच्या गठ्ठ्यावर ठेवला.

मागून काठीचा आवाज आला. माणसं बाजूला झाली. निंबराजबुवा एक एक पाऊल टाकत आले आणि कुणी काही म्हणायच्या आत उकिरड्याच्या कडेला, यज्ञेश्वराच्या शेजारी जमिनीवर बसले. धाप लागली होती. ती थोडी कमी होईपर्यंत ते नुसते त्याच्या हाताकडे बघत राहिले. अंगठा सुजून टम्म झाला होता. सुजेच्या कडेला माशी बसली होती आणि पंख पुसत होती.

"बुवा," यज्ञेश्वर म्हणाला, "दिवस मावळला."

"हं."

"छत्तीस मेल्या. ही…" त्यानं तळहात पुढे केला. "ही मेलेली नाही."

"दिसतंय मला."

"माझं आता…"

बुवांनी वाट पाहिली.

"तिच्याशी बोलत होतास," बुवा म्हणाले.

यज्ञेश्वरानं मान खाली घातली.

बुवांनी काठी बाजूला ठेवली. कानावरचं मुंडासं मागे सारलं. मग ते वाकले, आणि आपला कान यज्ञेश्वराच्या तोंडाशी आणून धरला.

"तिला सांगितलंस… तेच मलाही सांग."